हायकोर्ट मुंबईहून औरंगाबादला कसं आलं? मराठवाड्यातल्या वकील संघांची गोष्ट

ज्यांना बसमध्ये, लोकलमध्ये किंवा ऑफिसात ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना जे 'म्हणजे', 'तर' येतात ते थोडे कमी केलेत, बाकी गोष्ट तीच.

१८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापुरात मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं. तुमच्या फीडवर फटाके, पेढे, काळ्या कोटातले वकील नाचताहेत असे व्हिडिओ आले असतील. माझ्या फीडवर पण आले. मी कोडिंग करणारा माणूस, कायद्याचा आणि माझा संबंध भाडेकरारापुरता. पण त्या बातमीत एक ओळ होती, तिथं अडकलो. हे बेंच राज्य पुनर्रचना कायदा १९५६, कलम ५१, पोटकलम ३ खाली सुरू झालंय, असं लिहिलं होतं.

म्हटलं, १९५६ चा कायदा २०२५ मध्ये कशाला लागला? शोधायला लागलो, आणि कळलं की हेच पोटकलम ४४ वर्षांपूर्वी आपल्यासाठी वापरलं गेलं होतं. आपल्यासाठी म्हणजे नांदेड, लातूर, परभणी, बीड, सगळ्या मराठवाड्यासाठी. औरंगाबादचं, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ त्याच ओळीतून जन्माला आलं. आणि त्या ओळीपर्यंत पोचायला मराठवाड्याला २५ वर्षं लागली.

आता तुम्ही म्हणाल, कोर्टाच्या इमारतीची गोष्ट ऐकून आम्ही काय करू? थांबा. खरी गोष्ट इमारतीची नाहीच. एखाद्या व्यवसायातले लोक आपापल्या गावात एक मंडळ काढतात. अध्यक्ष, सचिव, खजिनदार निवडतात. कुणाला पगार नाही. सगळे आपापलं काम सांभाळून हे करतात. असं मंडळ नेमकं कशासाठी असतं, आणि ते कधी मोठं होतं, हा आजचा विषय.

हा प्रश्न माझ्या डोक्यात कॉलेजपासून आहे. नांदेडला बीटेक करताना इंजिनिअरांच्या एका संस्थेचं विद्यार्थी मंडळ आम्ही चालवायचो. बॅनरच्या फोटोत पंधरा जण, आणि सेमिनार हॉलच्या खुर्च्या लावायला दोघं. ज्यांनी कधी असं मंडळ चालवलंय, ते आत्ता हसले असतील. आता पुण्यात नोकरी करतो, दर महिन्याला डेव्हलपरांची एक बैठक भरवायला मदत करतो, तिथंही गणित तेच आहे. म्हणून मला बघायचं होतं की आपल्याच भागात, आपल्या आधीच्या पिढ्यांनी हे काम कसं केलं.

आधी 'वकील संघ' म्हणजे काय ते समजून घेऊ

बार कौन्सिल आणि बार असोसिएशन, या दोन गोष्टी वेगळ्या. बार कौन्सिल ही कायद्याने बनलेली संस्था. १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टखाली ती चालते, वकिलांची सनद तिच्या हातात. आपल्याकडे महाराष्ट्र आणि गोव्याची मिळून एक आहे.

बार असोसिएशन, म्हणजे आपल्या बोलीतला वकील संघ किंवा वकील मंडळ, हा त्या त्या कोर्टातल्या वकिलांनी आपसात काढलेला संघ. तालुक्याच्या कोर्टात एक, जिल्ह्याच्या कोर्टात एक. कोर्टाच्या आवारात एक खोली असते. त्यात जुनी टेबलं, कायद्याच्या पुस्तकांची कपाटं, चहावाल्याची ये-जा. निवडणूक होते, पोस्टर लागतात, गट पडतात. आणि बिनपगारी कामं वर्षभर चालू राहतात: बसायला जागा मिळवा, ग्रंथालयाला पुस्तकं आणा, पक्षकारांना पिण्याचं पाणी नाही म्हणून जिल्हा न्यायाधीशांना निवेदन द्या.

बाहेरून बघितलं तर हे किरकोळ वाटतं. पण मराठवाड्याच्या इतिहासात वकिलांच्या या बैठकीला वेगळंच वजन आलं होतं. त्याचं कारण निजामाच्या राज्यात आहे.

जिथं सभा भरवायला परवानगी लागते

१९४८ पर्यंत नांदेड, लातूर सगळं हैदराबाद संस्थानात. लातूर तर तेव्हा जिल्हाही नव्हता, उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका होता. कोर्टाची आणि कारभाराची भाषा उर्दू. शेतकरी मराठी बोलणार, आणि त्याच्या जमिनीचा निकाल उर्दूत येणार. मधे कोण? वकील. म्हणजे वकील हा कायदा सांगणारा तर होताच, वर दोन भाषांच्या मधला दुभाषाही होता. आजही आपल्या आज्या-आजोबांच्या तोंडी दस्तऐवज, मोहलत, फिर्याद, जामीन, वकालतनामा हे शब्द किती सहज येतात बघा. सरकारी कारभाराची भाषा अशी घराघरात उतरते.

त्यात 'गश्ती निशान ५३' नावाचं एक सरकारी फर्मान होतं. गश्ती म्हणजे परिपत्रक. त्यानुसार जाहीर सभा घ्यायची तर आधी परवानगी हवी. पक्ष काढणं तर दूरच. अशा ठिकाणी लोक एकत्र येणार कुठं? शाळा, वाचनालय, गणेशोत्सव, आणि कोर्टाचं आवार. जिथं येण्याला कुणी आक्षेप घेऊ शकत नाही अशा जागा.

म्हणून त्या काळातली सार्वजनिक कामातली नावं काढा, त्यात वकील सारखे भेटतात. केशवराव कोरटकर. हे मूळचे आजच्या हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत भागातले. वकिली केली गुलबर्ग्यात आणि हैदराबादेत, पुढे हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. हैदराबादची विवेक वर्धिनी शाळा उभी राहिली त्यात त्यांचा वाटा मोठा. काशिनाथराव वैद्य, वकील. दिगंबरराव बिंदू, नांदेड भागातले, वकील. तेलुगू भागात बघाल तर बुर्गुला रामकृष्ण राव आणि माडपाटी हनुमंत राव, तेही वकील. भाषा तीन, पण धंदा एकच.

१९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन झालं, अध्यक्ष गोविंदराव नानल. १९३८ ला दुसरं अधिवेशन लातूरला. १९४१ ला नांदेड जिल्ह्यातल्या उमरीला. नावं नीट बघा: परतूर, लातूर, उमरी. राजधानी हैदराबाद सोडून अधिवेशनं छोट्या गावांत भरत होती. आता एका अधिवेशनाला काय लागतं, याचा हिशोब कुणीही कार्यक्रम भरवलेला माणूस करू शकतो. मांडव, पाणी, दिवाबत्ती, दोन वेळचं जेवण, बाहेरून आलेल्यांची घराघरात झोपायची सोय, आणि सगळ्यात अवघड म्हणजे परवानगीचा कागद. हे सगळं स्थानिक माणसांनी करायचं. ते कुणाच्याही सीव्हीत गेलं नाही, कारण तेव्हा सीव्ही नव्हते.

आणि हो, भांडणंही होती. जुने, प्रतिष्ठित वकील म्हणायचे, अर्ज-विनंत्या करत, कायद्याच्या चौकटीत पुढे जाऊ. तरुण म्हणायचे, आता थेट जबाबदार राज्यपद्धती मागा. मवाळ आणि जहाल. याच काळात परिषदेचं सरचिटणीसपद आलं एका शिक्षकाकडे. अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत शिकवणारे स्वामी रामानंद तीर्थ. तेच, ज्यांच्या नावाच्या विद्यापीठाची मार्कशीट तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या कपाटात असेल. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस नीट स्थापन व्हायच्या आधीच तिच्यावर बंदी आली. २४ ऑक्टोबर १९३८ ला सत्याग्रहाची पहिली तुकडी निघाली, तिच्या पुढे होते तेच गोविंदराव नानल. म्हणजे काल अधिवेशनाच्या अध्यक्षाच्या खुर्चीत बसलेला माणूस आज तुरुंगाच्या रांगेत पहिला. मला या सगळ्या काळातली ही गोष्ट फार आवडते. पद घेताना पुढे आणि किंमत मोजताना मागे, असं त्यांनी केलं नाही.

१९४८: स्वतःची कमाई बंद करणं

पुढचा टप्पा तुम्हाला शाळेपासून माहीत आहे, म्हणून पटकन सांगतो. भारत स्वतंत्र झाला, निजाम सामील होईना, रझाकारांचा जाच वाढला. स्वामीजी तुरुंगात. बाहेरून लढा चालवायला कृती समिती बनली, तिचे अध्यक्ष दिगंबरराव बिंदू. सीमेवर उमरखेड, बार्शी अशा ठिकाणी कॅम्प उभे राहिले. उमरखेडच्या कॅम्पशी जोडलेल्यांत एक तरुण होता, कायदा शिकलेला, शंकरराव चव्हाण. पुढे नांदेडचे नगराध्यक्ष आणि मग राज्याचे मुख्यमंत्री.

या सगळ्यात एक गोष्ट पाठ्यपुस्तकात पटकन सापडत नाही. १९४८ मध्ये संस्थानातल्या वकिलांनी कोर्टांवर बहिष्कार टाकला. हैदराबादेत त्याचं नेतृत्व विनायकराव विद्यालंकार यांच्याकडे होतं. ते बॅरिस्टर, आणि आत्ताच ज्यांचं नाव घेतलं त्या केशवराव कोरटकरांचे चिरंजीव.

वकिलाने कोर्टात न जाणं म्हणजे काय? त्याला महिन्याचा पगार नसतो. कोर्टात उभं राहिलं तर फी. आज नाही गेलो तर आज शून्य. माझ्यासारख्याला एक तारखेला बँकेचा मेसेज येतो, त्यामुळे हे समजायला जरा वेळ लागला. म्हणजे या बहिष्काराचा पहिला फटका बहिष्कार टाकणाऱ्यालाच बसणार होता.

पण गोष्ट इथं थांबवली तर अर्धीच सांगितल्यासारखी होईल. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झालं, १७ सप्टेंबरला आपण मुक्त झालो. त्यानंतरच्या आठवड्यांत मुस्लिम कुटुंबांवर सूड उगवला गेला. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने सर्वाधिक हानी झालेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेडची नावं घेतली, सोबत गुलबर्गा आणि बिदर. तेव्हाच्या उस्मानाबादेत लातूर आलंच. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. हे सांगण्याचं कारण एवढंच की न्याय मागणाऱ्या कुठल्याही मंडळाची परीक्षा 'आपल्या' माणसासाठी लढून संपत नाही. दुसऱ्या बाजूच्या माणसासाठी दार उघडं ठेवलं का, तिथं ती होते. ही मोजपट्टी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९५६: आपण महाराष्ट्रात आलो, हायकोर्ट लांब गेलं

१ नोव्हेंबर १९५६. भाषावार राज्यं झाली. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले, मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले. बिदरचे उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके उस्मानाबादला जोडले गेले. मराठी माणसाला मराठी राज्य मिळालं, आनंद खरा होता. मराठवाडा अटी न घालता आला, हे तर आपल्याकडे अजून अभिमानाने सांगतात.

पण एक गंमत झाली, आणि ती गंमत पक्षकाराच्या खिशातून गेली. कालपर्यंत नांदेडच्या माणसाचं हायकोर्ट हैदराबादला होतं, साधारण पावणेतीनशे किलोमीटर. रात्री गाडीत बसलं की सकाळी पोचलं. आता त्याचं हायकोर्ट झालं मुंबई. अंतर दुप्पट. आणि गाडी? नांदेडहून मनमाडपर्यंत मीटरगेज, मनमाडला उतरून ब्रॉडगेज. लातूरचं तर विचारूच नका. लातूरला बार्शी लाइट रेल्वे होती, १९११ पासून. अडीच फुटांची नॅरोगेज. तिच्यात बसून कुर्डुवाडी, तिथून मोठी गाडी.

आता एक साधा माणूस डोळ्यांसमोर आणा. मुखेडचा किंवा औशाचा शेतकरी. कुळाच्या जमिनीचा वाद, खालच्या कोर्टात हरला, अपील करायचंय. मुंबईत ओळखीचं कुणी नाही. राहायचं कुठं, वकील शोधायचा कसा, त्याच्याशी बोलायचं काय? वर मराठवाड्यातले जमिनीचे कायदे वेगळे. आपल्याकडे १९५० चा हैदराबाद कूळ वहिवाट कायदा चालायचा, मुंबईच्या वकिलाच्या रोजच्या वापरातला कायदा दुसरा. म्हणजे अपिलाचा हक्क कागदावर होता, पण तिथं पोचायचं भाडं खिशात नव्हतं. खूप लोकांसाठी खालच्या कोर्टाचा निकाल हाच शेवटचा निकाल झाला असेल, यात मला तरी शंका वाटत नाही.

विदर्भाचं तसं नव्हतं. १९५३ च्या नागपूर करारात नागपूरला हायकोर्टाचं खंडपीठ राहील हे ठरलं होतं, आणि ते राहिलं. मराठवाड्याकडे तसं काही नव्हतं.

इथून वकील संघांचं लांबलचक काम सुरू होतं. ठराव, निवेदन, शिष्टमंडळ, पुन्हा ठराव. मुख्यमंत्री बदलले की नव्या मुख्यमंत्र्याला पहिल्यापासून समजावणं. मागणी वकिलांपुरती राहिली नाही, हे महत्त्वाचं. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या लढ्यातल्या माणसांनी मराठवाड्याच्या विकासाचा जो आग्रह धरला, त्या हवेत खंडपीठाची मागणी वाढली. रेल्वे रुंद करा, विद्यापीठं द्या, पाणी द्या, आणि हायकोर्ट जवळ आणा.

आणि यात एक गोष्ट बघा. खंडपीठ होणार होतं औरंगाबादला. नांदेडला नव्हे, लातूरला नव्हे. नांदेडच्या वकिलाला तरीही अडीचशे किलोमीटर जावं लागणारच होतं. उलट मोठ्या केसेस औरंगाबादच्या वकिलांकडे जाण्याची शक्यता. तरी मागणी सगळ्या मराठवाड्याची राहिली. आपल्या गावाला मिळत नसलं तरी आपल्या पक्षकाराला मिळतंय, एवढ्यावर.

एका पोटकलमाची करामत

आता माझ्या आवडीचा भाग, कारण हा अगदी आमच्या क्षेत्रातल्यासारखा आहे. जुन्या कोडमध्ये एखादी ओळ वर्षानुवर्षं पडून असते, कुणी वापरत नाही, आणि एक दिवस कुणीतरी डॉक्युमेंटेशन नीट वाचतं.

कलम ५१ ची तीन पोटकलमं आहेत. पहिलं: हायकोर्टाचं मुख्य ठिकाण राष्ट्रपती ठरवतील. दुसरं: कायमचं खंडपीठ हवं असेल तर राज्यपाल आणि मुख्य न्यायमूर्तींशी सल्लामसलत करून राष्ट्रपती आदेश काढतील. म्हणजे फाईल दिल्लीला. तिसरं: हे काहीही असलं तरी, राज्यपालांची मान्यता घेऊन मुख्य न्यायमूर्ती ठरवतील त्या इतर ठिकाणीही न्यायाधीश बसू शकतील. म्हणजे फाईल मुंबईतच.

राज्य सरकारने १९७८ मध्ये औरंगाबादच्या खंडपीठाची शिफारस केली होती. पण कायमच्या खंडपीठाचा रस्ता दिल्लीवरून जाणारा, वेळखाऊ. मग १९८१ मध्ये तिसरा रस्ता घेतला गेला. मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांनी २० ऑगस्टला आदेश काढला, आणि २७ ऑगस्ट १९८१ पासून औरंगाबादला न्यायाधीश बसायला लागले. आठवड्यात काम सुरू. २५ वर्षं मागणी, आणि सात दिवसांत अंमल.

लगेच त्याला आव्हान दिलं गेलं. मुद्दा असा की तात्पुरत्या बैठकीच्या नावाखाली कायमचं खंडपीठच चालवताय, त्याचा अधिकार राष्ट्रपतींना आहे. मुंबई हायकोर्टाने डिसेंबर १९८१ मध्ये तो आदेश रद्द ठरवला. राज्य सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, आणि १९८२ मध्ये न्यायमूर्ती ए. पी. सेन यांनी लिहिलेल्या निकालाने आदेश टिकला. पोटकलम ३ हा स्वतंत्र अधिकार आहे, हे पक्कं झालं. पुढे १९८४ मध्ये राष्ट्रपतींचा आदेश आला आणि खंडपीठ कायमचं झालं.

१९८२ मध्येच लातूर वेगळा जिल्हा झाला. म्हणजे लातूरकरांना स्वतःचा जिल्हा आणि जवळचं हायकोर्ट, दोन्ही वर्षभराच्या अंतरात मिळालं.

आणि १९८२ चा तो निकाल नसता तर कोल्हापूरला २०२५ मध्ये एवढा सरळ रस्ता मिळाला नसता. तिथं कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी एकत्र कृती समिती करून कित्येक वर्षं मागणी लावून धरली. रस्ता मात्र मराठवाड्याने आधीच पाडून ठेवला होता.

मागणी छोटी झाली की

आता जरा आपल्या दोन शहरांना झोंबेल असं बोलतो. दोन्हीकडचे नातेवाईक आहेत, तेव्हा शिव्या दोन्हीकडून खाईन.

२००९ मध्ये सरकारने मराठवाड्यात दुसरं महसूल आयुक्तालय नांदेडला करायचं ठरवलं. लातूर पेटलं. आमचा हक्क आधी, म्हणून बंद, मोर्चे. नांदेड म्हणालं, मिळालेलं सोडणार नाही. प्रकरण कोर्टात गेलं. कुठल्या कोर्टात? त्याच औरंगाबादच्या खंडपीठात, जे दोन्ही शहरांनी मिळून मागितलं होतं! आणि वेगळं आयुक्तालय? उदगीरच्या आणि किनवटच्या माणसाला त्या कामासाठी अजूनही संभाजीनगरच गाठावं लागतं.

त्याला राजकारण, निवडणुका, पैसा अशी अनेक कारणं आहेत, मी एकाच गोष्टीवर खापर फोडत नाही. पण फरक दिसतो. खंडपीठाच्या वेळी प्रश्न होता, पक्षकाराला काय सोयीचं? आयुक्तालयाच्या वेळी प्रश्न झाला, पाटी कुणाच्या गावात? पाटीचं भांडण सुरू झालं की रांगेत उभा असलेला माणूस दोघांनाही दिसत नाही.

आणि बहिष्काराचं काय?

१९४८ च्या बहिष्काराबद्दल मी कौतुकाने बोललो. मग आज वकील काम बंद ठेवतात, तेही तसंच का? नाही. २००२ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने हरीश उप्पल प्रकरणात स्पष्ट सांगितलं की वकिलांना संपाचा किंवा बहिष्काराचा हक्क नाही. पत्रक काढा, काळी फीत लावा, कोर्टाच्या बाहेर शांततेत मोर्चा काढा, पण पक्षकाराला वाऱ्यावर सोडू नका. अगदी अपवादाच्या प्रसंगी, न्यायव्यवस्थेच्या स्वातंत्र्याचाच प्रश्न असेल तर, एक दिवसापुरतं कोर्ट दुर्लक्ष करेल.

हे मला पटतं. कारण काम बंद झालं की तारीख पुढे जाते, आणि तारीख पुढे गेली की जामिनाच्या आशेवर असलेल्या कुणाचा तरी मुक्काम वाढतो. १९४८ ला कोर्टावरच विश्वास उरला नव्हता, आणि किंमत वकिलांनी स्वतः मोजली होती. आज किंमत बहुतेक वेळा दुसराच मोजतो. हत्यार तेच, पण घाव कुणाला बसतो ते बघायला हवं.

एक प्रश्न मला मित्रांनी विचारला, आता ई-फायलिंग आहे, व्हिडिओवर सुनावणी होते, मग कोर्ट जवळ असण्याचं एवढं काय? प्रश्न बरोबर आहे. कोविडनंतर बरंच बदललं. पण ज्याच्या घरातला माणूस आत आहे, त्याला स्क्रीनवरचा 'अ‍ॅडजर्न्ड' हा शब्द कुणीतरी समोर बसून समजावून सांगावा लागतो. ते काम अजून तरी अ‍ॅपने होत नाही. तालुक्याच्या कोर्टात बसणारा वकील करतो.

मग आपण यातून काय घ्यायचं?

तुमच्यापैकी कुणी डॉक्टर होणार, कुणी शिक्षक, कुणी सीए, कुणी माझ्यासारखे लॅपटॉपवाले. प्रत्येक धंद्याची एक संघटना असते आणि तिची शाखा तुमच्या शहरात असते. कधीतरी कुणीतरी म्हणेल, 'तू सचिव होतोस का? काही काम नसतं.' काम असतं, सांगून ठेवतो. हजेरीचं रजिस्टर, हॉलची बुकिंग, न आलेली वर्गणी, आणि तेच निवेदन नवीन तारीख टाकून परत देणं. मराठवाड्याचं खंडपीठ अशाच कागदांवर उभं राहिलंय. २५ वर्षांत कितीतरी वकील संघांचे अध्यक्ष-सचिव बदलले असतील. त्यातल्या बहुतेकांची नावं कुठल्या कोनशिलेवर नाहीत. पण दर नव्या सचिवाने आधीच्याची फाईल फेकून दिली नाही, म्हणून मागणी जिवंत राहिली.

आणि शाखेत बसल्यावर एक प्रश्न अधूनमधून विचारत राहा: आपल्या मागण्यांच्या यादीत आपल्या सभासदांशिवाय आणखी कुणी आहे का? डॉक्टरांच्या यादीत पेशंट, शिक्षकांच्या यादीत पोरं, आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या यादीत ते अ‍ॅप वापरताना गोंधळणारी आजी. नसेल, तर ते मंडळ वाईट नाही, पण ते क्लब आहे. यादीत बाहेरचा माणूस आला, की त्याच खोलीतून, त्याच चहाच्या टेबलावरून, हायकोर्ट अडीचशे किलोमीटर अलीकडे येऊ शकतं.

तुमच्या घरात कुणी जुने वकील असतील, किंवा ज्यांनी मुंबईच्या हायकोर्टाच्या खेपा केल्या असे कुणी आजोबा असतील, तर या दिवाळीत त्यांच्याशेजारी बसा. मनमाडला गाडी बदलायचे का, कुर्डुवाडीला रात्र काढली का, विचारा. फोनवर रेकॉर्ड करा, त्यांची परवानगी घेऊन. ही माणसं आहेत तोवरच ही माहिती आहे.

पुढचा भाग रेल्वेवर करतोय, बार्शी लाइटच्या त्या अडीच फुटी रुळांवर. तोवर भेटू, काळजी घ्या. राम राम!